चौसाळ्यात चालले, तरच चालले

धुळे–सोलापूर महामार्गाने बीडहून दक्षिणेला निघून मांजरसुंबा मागे टाकले की पुढे चौसाळा लागते. बीड तालुक्यातले हे महसूल मंडळाचे गाव. २००८ च्या पुनर्रचनेआधी या नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. आजूबाजूची शेती बहुतांशी पावसावरची. सोयाबीन, कापूस, तूर ही इथली पिके. पावसावरच्या शेतीत कागदाला फार किंमत असते, कारण पीक गेले तर हाती उरतो तो विम्याचा, अनुदानाचा किंवा पंचनाम्याचा कागद. हा कागद आता संगणकातून आणि मोबाइलमधून निघतो. सातबारा डिजिटल सहीचा, विमा ऑनलाइन, पीक पाहणी ॲपवर, शेतकरी ओळख क्रमांक पोर्टलवर आणि रेशन अंगठ्यावर. यातले एकही सॉफ्टवेअर चौसाळ्यात बांधलेले नाही. ते दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, बांधणाऱ्याच्या यंत्रावर तयार झाले, तिथे चालवून पाहिले गेले आणि मग तयार पॅकेज म्हणून राज्यभर सोडले गेले. बांधणाऱ्याचे यंत्र आणि वापरणाऱ्याचे यंत्र यांत फरक असतो. तो फरक कोणी मोजायचा, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे असे आहे. तयार सॉफ्टवेअर बांधून झाले म्हणजे काम संपले असे धरू नये. ज्या यंत्रावर ते उतरणार आहे त्यावर तपासले गेले, तेव्हाच ते पूर्ण झाले. सार्वजनिक सेवेच्या बाबतीत ही तपासणी पॅकेज काढणाऱ्याने करावी, तिचा खर्च त्याने सोसावा आणि निकाल जाहीर करावा. आज ही तपासणी होते ती चौसाळ्यासारख्या गावातल्या सेवा केंद्राच्या खिडकीवर, मुदत संपत आली असताना, आणि तिचा खर्च सोसतो रांगेतला माणूस.

तयार पॅकेज काय गृहीत धरते

सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळते. एक मूळ रूप, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर. तो प्रत्येक यंत्रासाठी नव्याने बांधता येतो, पण त्याला वेळ आणि जाणकार माणूस लागतो. दुसरे तयार रूप, म्हणजे कुणीतरी एकदा बांधून ठेवलेले, डाउनलोड करा आणि चालवा असे. विंडोजवरची ईएक्सई, अँड्रॉइडची एपीके, लिनक्सवरची डेब आणि आरपीएम ही सगळी तयार रूपे. जग तयार रूपावरच चालते आणि त्यात गैर काही नाही. केंद्रचालकाने प्रत्येक सॉफ्टवेअर स्वतः बांधावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण बांधताना काही गृहीतके पॅकेजात कायमची बसतात. प्रोसेसर कोणता, ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, ऑपरेटिंग सिस्टिम कितव्या आवृत्तीची, सोबतीला कोणकोणत्या लायब्ररी हजर असणार. ही गृहीतके वापरणाऱ्याला दिसत नाहीत. समोरच्या यंत्राशी ती जुळली नाहीत की मगच कळतात.

लिनक्समधले एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. तिथला जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम जीलिब्सी नावाच्या पायाभूत लायब्ररीवर उभा असतो. फाइल उघडणे, मेमरी मागणे, वेळ विचारणे अशी मूलभूत कामे ती करते. प्रोग्राम बांधला जातो तेव्हा त्याने वापरलेल्या प्रत्येक फंक्शनवर जीलिब्सीच्या आवृत्तीचा शिक्का बसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तिची २.३४ ही आवृत्ती आली आणि तीत प्रोग्राम सुरू करून देणाऱ्या फंक्शनचाच शिक्का बदलला. त्यामुळे या आवृत्तीवर बांधलेला साधा प्रोग्रामसुद्धा दोन वर्षे जुन्या लिनक्सवर नेला, तर 'जीलिब्सी २.३४ सापडली नाही' एवढी एक ओळ दाखवून थांबतो. प्रोग्रामचे तर्कशास्त्र चुकलेले नसते, संगणकही बिघडलेला नसतो. दोघांची गाठ पडली तिथे अडते.

उलट दिशेने मात्र असे होत नाही. जुन्या जीलिब्सीवर बांधलेला प्रोग्राम नव्या लिनक्सवर चालतो, कारण जुन्या शिक्क्याची फंक्शने नव्या आवृत्तीतही जपलेली असतात. पायथन भाषेच्या समुदायाने २०१६ मध्ये याच गुणाचा उपयोग करून घेतला. लिनक्सच्या अनेक प्रकारांवर चालेल असे तयार पॅकेज हवे असेल तर ते २००७ सालच्या सेंटओएस ५ या व्यवस्थेवर बांधा, असा नियम त्यांनी केला आणि त्याला 'मेनीलिनक्स' असे नाव दिले. बांधलेल्या पॅकेजात कोणते शिक्के शिरले आहेत हे तपासणारे 'ऑडिटव्हील' नावाचे साधनही केले. पुढे हा पाया सेंटओएस ६ वर आणि मग ७ वर सरकला, पण तत्त्व बदलले नाही. ज्या सर्वांत जुन्या यंत्राला सांभाळायचे आहे त्याला पाया धरा, म्हणजे पुढची यंत्रे आपोआप सांभाळली जातात. हा नियम दयेपोटी केलेला नाही, तो तंत्रज्ञानाच्या गरजेतून आला आहे. सरकारी सेवांना तो लावायचा तर पाया चौसाळ्यातल्या केंद्राच्या संगणकावर बसतो; मंत्रालयातल्या संगणकाची काळजी मग वेगळी करावी लागत नाही.

खिडकीवरचा अंगठा

सेवा केंद्राच्या खिडकीवर 'अंगठा लागत नाही' हे वाक्य नित्याचे आहे. बोटांच्या रेषा झिजल्या, हात मातीने भरलेला आहे, अशी कारणे खरी असतात. पण अंगठा आणि पोर्टल यांच्यामध्ये काय काय असते ते पाहिले तर इतर कारणेही दिसू लागतात. आधार प्राधिकरणाने २०१७ पासून नोंदणीकृत उपकरणांची पद्धत आणली. तीत बोटाचा ठसा उपकरणाच्या व्यवस्थेतच सही होऊन, कुलूपबंद होऊन बाहेर पडतो. मधल्या कुणाला तो उघडा मिळत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. यासाठी केंद्राच्या संगणकावर उपकरणाचा ड्रायव्हर आणि 'आरडी सर्व्हिस' नावाचे तयार पॅकेज बसवावे लागते. ब्राउझरमध्ये पोर्टलचे पान उघडले की ते त्याच संगणकाच्या १११०० ते १११२० या पोर्टवर हाक मारते, आरडी सर्व्हिस कुठल्या तरी एका पोर्टवर उत्तर देते, मग ड्रायव्हर उपकरणाला जागे करतो, दिवा लागतो आणि बोट ठेवायचे असते. म्हणजे विंडोजची आवृत्ती, ब्राउझरची आवृत्ती, अँटिव्हायरस, आरडी सर्व्हिस, ड्रायव्हर आणि उपकरण अशा सहा गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. या सहा गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या असतात आणि प्रत्येकीची नवी आवृत्ती येण्याची तारीख वेगळी असते.

उपकरणांची तपासणी होत नाही असे नाही. केंद्र सरकारची एसटीक्यूसी ही संस्था आधारसाठीची बायोमेट्रिक उपकरणे तपासून प्रमाणपत्र देते आणि ते काम गंभीरपणे होते. पण प्रमाणपत्र उपकरणाचे असते. केंद्रातल्या पाच-सात वर्षे जुन्या संगणकावर, या महिन्यात आपोआप बदललेल्या ब्राउझरबरोबर ते चालेल अशी हमी त्यात नसते, असूही शकत नाही, कारण ब्राउझर प्रमाणपत्रानंतर बदललेला असतो. २०२५ च्या अखेरीस आलेल्या क्रोम १४२ पासून बाहेरच्या संकेतस्थळाने स्वतःच्या संगणकातल्या सेवेला हाक मारली तर ब्राउझर आधी वापरणाऱ्याची परवानगी मागतो. हा बदलही सुरक्षेसाठीच आहे. पण खिडकीवर इंग्रजीत अचानक आलेल्या त्या प्रश्नाला घाईत 'नाही' म्हटले, तर काल चालणारा अंगठा आज चालत नाही. पॅकेजात एक अक्षर बदललेले नसते. त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

अशी जमीन याआधीही सरकली आहे. डिजिटल सहीच्या डोंगलसाठी अनेक सरकारी संकेतस्थळे ब्राउझरमधल्या जावावर अवलंबून होती. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने जावाशी असलेली जोडणी पूर्ण काढून टाकली. मग इंटरनेट एक्सप्लोररवर काम सुरू राहिले, तर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार थांबवला. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला होता आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. २०२३ पासून नवा क्रोम विंडोज ७ वर बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या सगळ्या तारखा कंपन्यांनी बऱ्याच आधी जाहीर केल्या होत्या, त्यामुळे सरकारी यंत्रणांना त्या माहीत नव्हत्या असे म्हणता येत नाही. प्रत्येक तारखेआधी आपले पॅकेज तपासून केंद्रचालकांना 'अमुक दिवसापासून हे वापरा' असे सांगणे शक्य होते. जुळणीची तपासणी एकदाच करून भागत नाही ती यामुळेच. पॅकेज वापरात आहे तोवर ती चालूच ठेवावी लागते.

मोबाइलचे दुखणे निराळे आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाली आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः करावी ही चांगली कल्पना प्रत्यक्षात आली. नोंदीसाठी हवा अँड्रॉइड फोन, आणि अँड्रॉइड म्हटला तरी सगळे फोन सारखे नसतात. स्वस्त फोनांपैकी कितीतरींमध्ये प्रोसेसर ६४ बिटांचा असला तरी कमी मेमरीमुळे अँड्रॉइड ३२ बिटांचे घातलेले असते. शिवाय ऑगस्ट २०२१ पासूनच गूगल प्लेने नव्या ॲपसाठी 'ॲप बंडल' ही पद्धत सक्तीची केली. तीत प्रत्येक फोनला त्याच्या प्रोसेसरपुरते, पडद्यापुरते आणि भाषेपुरते तुकडेच पाठवले जातात. त्यामुळे डाउनलोड लहान होते, हा फायदा आहे. पण खेड्यात नेट धड मिळत नसले की एकाच्या फोनवरचे ॲप दुसऱ्याला थेट पाठवायची सवय असते. बंडलातून आलेल्या अशा ॲपची मुख्य फाइल तेवढी दुसऱ्या फोनवर गेली तर उरलेले तुकडे तिथे पोचतच नाहीत. ॲप एकतर बसत नाही, नाहीतर बसून उघडताच बंद पडते. ज्याने पाठवले त्याच्या फोनवर ते उत्तम चालत असते, म्हणून दोष दुसऱ्याच्या फोनवर ढकलला जातो.

आणि हे सगळे सुरळीत चालले तरी मराठी अक्षरांची जुळणी उरतेच. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. एका प्रकारात ऱ साठीचा स्वतंत्र संकेत वापरून, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी नावे आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती एक होत नाहीत. ॲ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत; त्याआधीच्या यंत्रांवर त्या जागी चौकोन दिसतो. एका कीबोर्डवरून टंकलेले सातबाऱ्यावरचे नाव आणि दुसऱ्यावरून टंकलेले अर्जावरचे नाव जुळत नाही असा निरोप आला, तर डोळ्यांनी पाहून कोणालाही फरक सापडणार नाही.

पंचनामा कोणाचा करायचा

या वेगवेगळ्या बिघाडांना खिडकीवर एकच नाव असते: सर्व्हर डाउन. कधी तो खरोखरच डाउन असतो. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. पण सर्व्हर ठीक असताना या संगणकावरचे पॅकेज आणि हा ब्राउझर जुळले नाहीत, तरी निरोप तोच मिळतो. सगळ्या दुखण्यांना एकच नाव दिले की औषधही एकच राहते: थोड्या वेळाने या. बिघाड कुठे नोंदला जात नाही, म्हणून तो कुणाच्या अंगावर येत नाही, म्हणून दुरुस्तही होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला आणि ठरलेल्या दिवसांत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज स्वीकारल्यावर. जुळणीचा बिघाड अर्ज पोचण्याआधीच माणसाला अडवतो, म्हणून कायद्याचे घड्याळ त्याच्यासाठी सुरूच होत नाही.

बियाण्यांच्या बाबतीत आपण असे होऊ देत नाही. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनचा नवा वाण काढते तेव्हा तो विद्यापीठाच्या शेतात चांगला आला एवढ्यावर थांबत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जमिनीत, काही हंगाम चाचण्या होतात आणि मगच तो कोणत्या भागासाठी हे सांगितले जाते. पिशवीवर उगवणशक्तीचे लेबल लागते. सोयाबीनसाठी ती किमान ७० टक्के हवी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारींचा पूर आला, तेव्हा अधिकारी शेतात गेले, पाहणी केली, पंचनामे केले आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही. पण तक्रार कुठे करायची, दोष कसा शोधायचा आणि जबाबदार कोण, हे ठरलेले होते. सॉफ्टवेअरच्या पिशवीवर असे लेबल नाही आणि ते उगवले नाही तर पंचनामाही नाही.

हे काम होऊ शकते

जुळणी तपासणे हे अशक्य कोटीतले काम आहे, असे मानणाऱ्यांनी डेबियनकडे पाहावे. १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चाललेली ही लिनक्सची व्यवस्था आहे आणि आपल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी केलेली 'बॉस' ही व्यवस्था तिच्यावरच बेतलेली आहे. डेबियनमध्ये हजारो पॅकेजे अनेक प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधली जातात. नवे पॅकेज आले की ते आधी 'अनस्टेबल' विभागात राहते. तिथे त्याच्या स्वतःच्या चाचण्या आपोआप चालतात आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या इतर पॅकेजांच्याही चालतात. एखाद्याची चाचणी नव्याने फसली तर पॅकेज पुढच्या विभागात जाणे अडते. निकाल सगळ्यांना पाहता येतात. गूगलही अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांना अनुरूपतेच्या चाचण्यांचा संच देते आणि गूगलची ॲपे फोनमध्ये घालायची तर तो पार करावा लागतो. पुण्यात रेड हॅट कंपनीच्या कार्यालयातून भारतीय लिप्यांच्या लोहित फॉन्टचे आणि फेडोरा या लिनक्स व्यवस्थेतल्या भाषासुविधांचे काम वर्षानुवर्षे झाले आहे. फेडोराच्या नव्या आवृत्तीआधी 'टेस्ट डे' ठरवून कीबोर्ड, फॉन्ट, जोडाक्षरे हे सगळे वेगवेगळ्या यंत्रांवर लोक तपासून पाहतात. म्हणजे हे कौशल्य महाराष्ट्रात आहे, अमेरिकेतून आणावे लागणार नाही.

ही तपासणी टाळली तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यातले दिशा ठरवणारे सॉफ्टवेअर एरियान-४ वरून जसेच्या तसे उचलले होते आणि तिथे ते चोख चालत होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीने नोंदवले की नव्या रॉकेटच्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाची माहिती घालून हे सॉफ्टवेअर तपासलेच गेले नव्हते. अलीकडे, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. फाइलमध्ये २१ मूल्ये अपेक्षित होती, यंत्रावरचा प्रोग्राम २० च पुरवत होता. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली. विमानतळ बंद पडले की दुसऱ्या दिवशी जगाला कळते. चौसाळ्यातल्या केंद्रावर अंगठा लागला नाही तर ती बातमी होत नाही, एवढाच फरक.

आक्षेप

पहिला आक्षेप आकड्यांचा आहे. यंत्रांच्या इतक्या तऱ्हा आहेत की सगळ्या तपासणार कशा? समजा ऑपरेटिंग सिस्टिमचे पाच प्रकार, ब्राउझर चार, अंगठ्याची उपकरणे सहा आणि सहीचे डोंगल तीन. गुणाकार ३६० होतो आणि प्रत्येक अपडेटनंतर ३६० वेळा तपासणे अवघडच आहे. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या संशोधकांनी २००४ मध्ये वैद्यकीय उपकरणे, ब्राउझर, सर्व्हर अशा निरनिराळ्या सॉफ्टवेअरमधल्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक बिघाड एका किंवा दोन घटकांच्या जुळणीतून उद्भवतात आणि सहाहून अधिक घटक एकत्र यावे लागले असा बिघाड त्यांना आढळला नाही. कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी निदान एकदा तपासली जाईल अशी मांडणी केली तर वरच्या उदाहरणात ३६० ऐवजी तीसच्या आसपास चाचण्या पुरतात. तीस चाचण्यांसाठी लागते एक खोली, काही जुने संगणक आणि दोन-चार माणसे. शिवाय प्रकार कमी करणेही आपल्या हातात असते. केरळने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली एकच व्यवस्था तयार करून सगळीकडे दिली, म्हणून त्यांना तपासायच्या जुळण्याही कमी राहिल्या.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे ब्राउझरमध्ये किंवा कंटेनरमध्ये चालते, त्यामुळे हा प्रश्न संपत आला आहे. कंटेनरमध्ये प्रोग्रामबरोबर त्याच्या लायब्ररीही बांधून दिल्या जातात, त्यामुळे जीलिब्सीसारखी अडचण बऱ्याच अंशी सुटते हे खरे. पण कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि प्रोसेसर हे ज्या संगणकावर कंटेनर चालतो त्याचेच राहतात. २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ने जुन्या इंटेल-एएमडी प्रोसेसरांचा आधार काढला; या नव्या व्यवस्थेसाठी बांधलेले पॅकेज कंटेनरमध्ये घातले म्हणून त्या जुन्या प्रोसेसरवर चालत नाही. ब्राउझरचे म्हणाल तर अंगठ्याचे उपकरण आणि डोंगल ही वस्तुरूप साधने आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला यंत्रावर काहीतरी बसवावेच लागते, आणि ब्राउझर हेही शेवटी एक तयार पॅकेजच असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुनी यंत्रे असुरक्षित असतात. त्यांना सांभाळत बसणे म्हणजे नागरिकाचा आधार आणि जमिनीची नोंद धोक्यात घालणे. हे मला पूर्ण मान्य आहे. विंडोज ७ वर आधारची कामे चालू ठेवा असे कोणीही म्हणू नये. पण जुन्या यंत्राचा आधार थांबवणे वेगळे आणि तो न सांगता तुटू देणे वेगळे. जाहीर तारीख, पर्यायी व्यवस्था आणि पुरेसा अवधी देऊन थांबवले तर ते धोरण ठरते. तपासणीच केली नाही म्हणून एके दिवशी बंद पडले, तर त्याला सुरक्षेचे नाव देता येणार नाही. पाया कोणता धरायचा हे ठरवताना सुरक्षित असे सर्वांत जुने यंत्र धरावे, आणि कोणते यंत्र सुरक्षित हे पॅकेज काढणाऱ्याने लेखी सांगावे.

उरला खर्च. तो आजही होतोच, फक्त हिशेबात दिसत नाही. पीकविम्याच्या अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत. त्या ४० रुपयांत ड्रायव्हर काढणे, पुन्हा बसवणे, ब्राउझर बदलून पाहणे हे सगळे मोडत होते, म्हणजे राज्याची जुळणी-चाचणी तो करत होता. आणि शेतकऱ्याचा बुडालेला रोज, वाडीवरून पुन्हा येण्याचे भाडे, हुकलेली मुदत यांची तर कुठे नोंदच नाही. एका जागी एकदा करायचे काम हजारो खिडक्यांवर रोज होऊ देणे, हीच खरी उधळपट्टी आहे.

काय करावे

नियम अगदीच नाहीत असे नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे एनआयसीने २००९ मध्येच काढली आणि संकेतस्थळ अनेक ब्राउझरांवर तपासलेले असावे, प्रादेशिक भाषेतला मजकूर त्यांवर नीट दिसतो का तेही पाहिलेले असावे, असे त्यांत सांगितलेले आहे. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. कमी पडते ती अंमलबजावणी, आणि ब्राउझरच्या पलीकडच्या साखळीची दखल. राज्य सरकारने चार गोष्टी कराव्यात. नागरिकांना किंवा केंद्रांना वापरावे लागणाऱ्या प्रत्येक पॅकेजसोबत, कोणत्या यंत्रांवर, कोणत्या आवृत्त्यांवर आणि कोणत्या तारखेला ते तपासले, याचे मराठी लेबल जाहीर करावे. नवी आवृत्ती सगळ्या राज्यात एकदम न सोडता आधी वेगवेगळ्या विभागांतल्या निवडक केंद्रांवर सोडावी, आणि त्या निवडीत चौसाळ्यासारखी महसूल मंडळाची गावे असावीत. पॅकेज अडले की पडद्यावर नेमके कारण मराठीत आणि एक क्रमांक यावा. तो क्रमांक नोंदला गेला की अर्जाचा प्रयत्न त्या दिवशी झाला असे धरून मुदत आणि लोकसेवा हक्काचे दिवस मोजावेत. आणि विमा, पाहणी, अनुदान यांच्या मुदती संपण्याआधीच्या पंधरवड्यात कोणतीही नवी आवृत्ती सोडू नये.

यांतल्या एकाही गोष्टीला नवे शोध लागत नाहीत. पायथनवाल्यांनी जुन्या व्यवस्थेला पाया मानले, डेबियनने अडलेल्या पॅकेजला पुढे जाऊ दिले नाही, परभणीच्या विद्यापीठाने वाण अनेक ठिकाणी तपासल्याशिवाय शिफारस केली नाही. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत ही अट एका कलमाने घालता येते: ठरवून दिलेल्या जुन्यात जुन्या यंत्रावर चाचणी पार पडल्याचा जाहीर अहवाल मिळेपर्यंत अंतिम देयक नाही. ज्यांच्या हाती निविदा आहेत त्यांनी हे कलम घालावे. आणि ज्यांना खिडकीवरून परत पाठवले जाते त्यांनी 'सर्व्हर डाउन' या उत्तरावर समाधान मानू नये. नेमके काय अडले ते लेखी मागावे, कारण नोंद झाल्याशिवाय दुरुस्ती होणार नाही.